मधल्या रेषेवरचे चार इंच

क्लेटस हावरान आमच्या जिल्ह्याचा वजनमाप निरीक्षक होता. पोर्ट हॅलोरनमध्ये खाटकाचा तराजू असो, पेट्रोलचा पंप असो की बंदरावरचा मोठा वजनकाटा, त्यावर क्लेटसच्या सहीची चकती चिकटवलेली दिसली की लोक निर्धास्त व्हायचे. सव्वीस वर्षं पितळी वजनांची पेटी हातात घेऊन तो दुकानं हिंडला. त्याच्या बायकोचा, बर्निसचा, सख्खा भाऊ स्टॅन खाटीक होता. एका वर्षी ऐन नाताळच्या आठवड्यात क्लेटसनं स्टॅनचा तराजू तपासला, तर काटा अर्ध्या औंसानं दुकानदाराच्या बाजूला झुकलेला. क्लेटसनं तिथल्या तिथे लाल पट्टी लावून तराजू बंद केला.

"अरे, बाहेर रांग लागलीय! निदान सणापुरतं तरी सोड," स्टॅन म्हणाला.

"रांगेतल्यांना सांग, तराजू दुरुस्त होतोय."

"मी तुझा मेहुणा आहे, क्लेटस!"

"म्हणून तर कुणाला तोंड दाखवायला जागा राहिली नाही मला."

त्यानंतर दोन नाताळ स्टॅन बहिणीकडे जेवायला आला नाही. गावात मात्र हा किस्सा कौतुकानं सांगितला जायचा. असा माणूस साखळीवर हवाच, असं आमच्या स्टोकर्स या फुटबॉल संघाच्या कचेरीला वाटलं, यात नवल नव्हतं.

साखळी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावं लागतं. गेले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. हे दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला दोन केशरी काठ्या आणि त्यांच्यामध्ये बांधलेली दहा यार्डांची साखळी असते. ती धरणारी माणसं गावातलीच, रविवारपुरती घेतलेली. मी, लायल सेबेस्टा, आठवडाभर टपाल वाटायचो आणि रविवारी मागची काठी धरायचो. क्लेटसकडे चिमटा असायचा. मैदानावर दर पाच यार्डांवर आडवी पांढरी रेषा असते. साखळी ज्या रेषेवरून जाते, तिच्या मागच्या कडेला बरोबर साखळीवर चिमटा लावायचा. मोजायची वेळ आली की रेषापंच तो चिमटा धरून साखळी मैदानात नेतो, चिमटा रेषेच्या त्याच कडेवर टेकवतो, आणि पुढची काठी आपोआप आपल्या जागी येते. म्हणजे सगळं माप त्या चिमट्यावर.

क्लेटस अठरा वर्षं तो चिमटा लावत होता. साखळीवाल्यांनी ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हा नियम तो आम्हाला दर हंगामाच्या पहिल्या दिवशी बजावायचा.

"तुम्ही स्टोकर्सचे नाही आहात. दोन ते पाच या वेळात तुमचा कुठलाच संघ नाही," तो म्हणायचा. "आणि लायल, मागच्या वर्षी तू हसलास."

"कधी?"

"शिकागोच्या गड्याची चड्डी फाटली तेव्हा."

"त्याला कोण नाही हसणार?"

"साखळीवाला," क्लेटस म्हणाला.

एक्क्याऐंशी सालचा तो हंगाम. त्या वसंतात गावातल्या पोलादाच्या कारखान्याची शेवटची भट्टी विझली होती. सरोवराकडून येणाऱ्या वाऱ्याला आता धुराचा वास नव्हता. माझ्या टपालाच्या पिशवीत घर सोडून गेलेल्यांच्या नव्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या वाढत चालल्या होत्या. स्टोकर्स बावीस वर्षांत एकदाही बाद फेरीत गेले नव्हते. त्या वर्षीही पहिले चारही सामने हरले. चौथ्या पराभवानंतर प्रेक्षकांनी आपल्याच खेळाडूंना सडक्या कोबीनं मारलं.

मग काय झालं ते अजून मला नीट समजलेलं नाही. पाचव्या रविवारी एका नवख्या बचाव गड्यानं चेंडू हिसकावून सत्तर यार्ड पळवला आणि आम्ही जिंकलो. मग पुन्हा जिंकलो. ऑक्टोबर संपेपर्यंत पाच सलग. दुकानांच्या काचांवर संघाच्या रंगाचे हिरवे कागद लागले. ज्यांच्याकडे जायला काम नव्हतं ते लोक सोमवारी सकाळी स्लोव्हाक लोकांच्या क्लबात बसून आदल्या दिवसाचा खेळ पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. मी पत्र द्यायला गेलो की म्हातारी कोताचकाबाई दारातच विचारायची, "पोस्टमनदादा, आपल्या त्या लंगड्या मुलाचा घोटा कसा आहे?" लंगडा मुलगा म्हणजे आमचा चेंडू घेऊन धावणारा गडी. त्याच्या घोट्यासाठी ती मेणबत्ती लावत होती.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी हिशेब असा होता: नऊ विजय, सहा पराभव, एक सामना बाकी. समोर दक्षिणेतला हेरन्स संघ, त्यांचेही नऊ-सहा. जो जिंकेल तो बाद फेरीत जाणार, हरेल तो घरी. मैदान दगडासारखं गोठलेलं, रेषांवर पुन्हा पुन्हा चुना मारलेला. साठ हजार माणसं आणि आमच्या मागे तिसऱ्या ओळीत स्टॅन, बर्निस, क्लेटसचं सगळं सासर.

शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही सोळा-चौदा असे पुढे होतो. चेंडू आमच्याकडे, आमच्या सत्तेचाळीस यार्डावर, आणि चार नवे प्रयत्न हाती. या चारांत दहा यार्ड गेले की घड्याळ संपेपर्यंत चेंडू आमच्याकडेच राहणार होता. नाही गेले तर हेरन्सला चेंडू मिळणार, आणि त्यांचा लाथ मारणारा गडी दुरूनही चेंडू खांबांमधून घालून तीन गुण मिळवायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मागची काठी रोवली. साखळी ताणली गेली. ती मैदानाच्या अगदी मधल्या रेषेवरून, पन्नासाच्या रेषेवरून जात होती. क्लेटस गुडघा टेकून बसला आणि त्यानं चिमटा लावला. तो माझ्यापासून तीन पावलांवर होता.

चिमटा रेषेच्या पुढच्या कडेला लागला होता.

रेषा चार इंच रुंद असते. रेषापंच नेहमीप्रमाणे चिमटा मागच्या कडेला टेकवणार, म्हणजे अख्खी साखळी चार इंच मागे सरकणार, म्हणजे आम्हाला चार इंच कमी पळावं लागणार. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. क्लेटसनं वर पाहिलं. त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता. मला वाटलं, थंडीनं बोटं सुन्न झाली असतील, आता लक्षात येईल, आता सरकवेल. त्यानं सरकवला नाही. मीही काही बोललो नाही.

पहिल्या प्रयत्नात तीन यार्ड गेले, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात दोन आणि थोडं वर. चौथ्यासाठी यार्डभरसुद्धा राहिलं नव्हतं. अशा वेळी चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देतात, ते आमच्या प्रशिक्षकानं नाकारलं आणि घोटा बांधलेल्या त्याच गड्याच्या हाती तो दिला. समोरून हेरन्सचा मधला बचाव गडी आला, ओडेल प्रॅथर. तेहतीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. त्यानं आमच्या गड्याला छातीनं अडवला आणि तसाच मागे लोटत खाली पाडला. वर पंधरा माणसांचा ढीग झाला. ढीग उपसल्यावर पंचांनी चेंडू ठेवला आणि साखळीला हाक मारली.

रेषापंच आमच्याकडे धावत आला आणि त्यानं चिमटा धरला. हा पंच क्लेटसला बारा वर्षं ओळखत होता.

"बरोबर आहे ना, क्लेटस?"

"बरोबर आहे," क्लेटस म्हणाला.

आम्ही साखळी आत नेली. चिमटा टेकवला, साखळी ताणली, पुढची काठी उभी राहिली. चेंडूचं नाक काठीच्या दोन बोटं पुढे होतं. पंचानं हात पुढे केला आणि साठ हजार माणसं अशी ओरडली की माझ्या हातातली काठी थरथरली. प्रॅथर चेंडूपाशी गुडघ्यावर बसला होता. तो काठीकडे बघत राहिला. मग त्यानं हातमोजा काढून उघडा तळवा जमिनीवर टेकला, तसाच थोडा वेळ ठेवला, आणि उठला. क्लेटस त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तेव्हा पहिल्यांदा मी क्लेटसचा चेहरा बदललेला पाहिला. कान लाल झाले होते, आणि तो जमिनीकडे बघत होता.

घड्याळ संपलं. आम्ही जिंकलो.

गावात आठवडाभर सण होता. चर्चची घंटा मधल्या वारी वाजली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मोजणीचा फोटो आला: चेंडू, काठी, पंचाचं बोट, आणि बाजूला ओणवा झालेला क्लेटस. तो फोटो क्लबात, न्हाव्याकडे, स्टॅनच्या दुकानात, सगळीकडे चौकटीत लागला. क्लेटस रस्त्यानं निघाला की लोक दोन बोटं वर करून दाखवायचे. "दोन बोटं, क्लेटस!" स्टॅननं तर भर दुकानात त्याला मिठी मारली.

"माझा तराजू बंद केलास ना तेव्हाच मी म्हटलं होतं, या माणसाचं माप म्हणजे माप!"

"सोड मला," क्लेटस म्हणाला. लोकांना वाटलं, लाजला.

पुढच्या रविवारी बाद फेरीच्या सामन्यात पश्चिमेला जाऊन स्टोकर्स चौतीस-तीन असे हरले. लंगड्या मुलाचा घोटा पहिल्या पंधरा मिनिटांतच गेला. तरी परत येणाऱ्या विमानाला घ्यायला चार हजार माणसं बर्फात उभी होती. त्या हंगामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. गावाला एकदा तरी कशाच्या तरी आत जायचं होतं, आणि ते गेलं होतं.

क्लेटसनं गुडघ्याचं कारण सांगून साखळी सोडली. मार्चमध्ये नोकरीही सोडली, निवृत्तीला चार वर्षं असताना. बर्निस पत्रं घेताना मला म्हणायची, "काय झालंय यांना, लायल? पितळी वजनं घासून परत देऊन आले. म्हणे, दुसऱ्या कुणाला तरी द्या. रविवारी खेळ लावला की उठून परसात जातात. तुला काही बोलले का?"

"नाही," मी म्हणायचो. ते खरंही होतं. आम्ही दोघं त्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. मी त्याच्या दारात पत्रं टाकून पुढे जायचो. तो खिडकीत असला तर मी पिशवीत काहीतरी शोधायचो.

सहा वर्षं अशी गेली.

सत्याऐंशीच्या मे महिन्यात क्लेटस माझ्या घरी आला. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला.

"मला टेनेसीला जायचंय. डॉक्टर गाडी चालवू देत नाहीत. तू नेशील का?"

"टेनेसीत कोण आहे तुझं?"

"ओडेल प्रॅथर."

मध्यरात्रीनंतर निघालो; जायला अकरा तास लागले. सिनसिनाटीच्या पुलावर त्यानं सांगायला सुरुवात केली. रस्त्याकडे बघत, एकेक वाक्य थांबून थांबून.

"मी मुद्दाम लावला होता. बोटं सुन्न नव्हती. आधी एकदा मागच्या कडेला धरला, मग पुढे नेला."

"का पण?"

"कुणी सांगितलं नव्हतं. कुणासाठी केलं असंही नाही. भट्टी विझली, गाव उठलं, ती सगळी कारणं मी नंतर शोधली. मला ते हवं होतं, लायल. एवढंच. आणि मला ठाऊक होतं की मला कुणी विचारणार नाही. विचारलंच तर माझ्यावर विश्वास ठेवतील. त्या विश्वासाचाच वापर केला मी."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. गाडीत आम्ही दोघंच होतो, पुढे सात तासांचा रस्ता होता. मी म्हणालो, "पुढे पेट्रोल भरायला थांबू."

प्रॅथरचं एका छोट्या गावात टायरचं दुकान होतं. आम्ही पोचलो तेव्हा दुपारची जेवणाची वेळ होती. तो दारातल्या लाकडी खुर्चीवर बसून पावात घातलेला मासा खात होता. अंग सुटलं होतं, एक पाय सरळ पुढे पसरलेला. क्लेटसनं टोपी काढली, नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"पोर्ट हॅलोरन!" प्रॅथर हसला. "बाप रे, काय थंडी हो तुमच्याकडे! कोबी फेकून मारतात ना तिथे?"

"मी साखळीवर होतो," क्लेटस म्हणाला. "एक्क्याऐंशीत. चिमटा माझ्याकडे होता."

प्रॅथरचं हसू तसंच राहिलं. क्लेटसनं सगळं सांगितलं. रेषेची रुंदी सांगितली, कडा सांगितली. "तुम्ही त्याला थांबवला होता. दोन बोटं कमी पडली होती त्याला. ती मी दिली."

प्रॅथरनं मासा कागदात गुंडाळला आणि बाजूला ठेवला.

"दुसऱ्या दिवशी आम्हाला फिल्म दाखवली," तो म्हणाला. "प्रशिक्षकानं तोच एक भाग नऊ वेळा मागे-पुढे केला. सगळ्यांसमोर. म्हणे, प्रॅथर, दोन बोटं. कुठे होतास तू? पाय आधी का नाही उचललास? मी म्हटलं, उशीर झाला साहेब. पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही. गुडघे गेलेच होते माझे, तसंही बोलावलं नसतं कदाचित. ते मी तुमच्यावर टाकत नाही."

"टाका," क्लेटस म्हणाला.

"काय टाकायचं ते मी ठरवीन," प्रॅथर पहिल्यांदाच कडक आवाजात म्हणाला. "सहा वर्षं मी झोपायच्या आधी डावा पाय उचलतोय. मनातल्या मनात. दर वेळी थोडा लवकर. माझी बायको म्हणते, किती वेळा उचलशील तो पाय? आत चला. हे तिला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल मीच बनवून सांगतोय."

दुकानात फोनपाशी त्याची बायको लॉरेटा बसली होती. चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला, समोर विणकाम. क्लेटसला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फुटला. मी टायरांच्या रांगेपाशी उभा होतो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी कोण, हे कुणी विचारलंही नाही. गाडी चालवणारा, एवढंच त्यांना माहीत.

लॉरेटानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "इथे येऊन तुम्हाला हलकं वाटलं का?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "वाटलं असतं तर मी तुम्हाला हाकलून दिलं असतं. तुमच्या गावात हे कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. बायकोलाही नाही."

"मग आम्हाला कशाला सांगायला आलात? आम्ही लांब राहतो म्हणून? आमच्या गावात तो खेळ कुणाच्या लक्षातही नाही. तुमच्याकडे त्याचे फोटो लावले असतील."

क्लेटसनं होकारार्थी मान हलवली.

"मग तिकडे जाऊन सांगा. आणि त्यांनी काय केलं ते आम्हाला कळवू नका. आम्हाला त्याची गरज नाही."

प्रॅथर दारापर्यंत आला. त्यानं हात पुढे केला नाही. गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघून मला म्हणाला, "हवा कमी आहे याच्यात." आणि पाय ओढत जाऊन, नळी आणून, त्यानं स्वतः चाकात हवा भरली. क्लेटस गाडीत बसून ते बघत होता. एवढा शरमलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी, आमच्या चर्चच्या सभागृहात मासळीचं जेवण असतं. तीनशे माणसं लांब टेबलांवर बसतात, पाद्री आशीर्वाद देतात, मग जुन्या खेळाडूंपैकी कुणीतरी चार शब्द बोलतो. त्या वर्षी क्लेटस उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोन बोटं वर केली. त्यानं टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली आणि सांगितलं. तिसऱ्या वेळेस त्याचा आवाज फुटला नाही. शेवटी तो म्हणाला, "हे मी एकट्यानं केलं. दुसऱ्या कुणाचा यात हात नाही."

मी त्याच्यापासून पाच खुर्च्यांवर होतो. माझ्यासमोर कोबीचं ताट होतं.

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. "बस रे खाली, क्लेटस! बियर चढली त्याला."

"मी पाणी पितोय," क्लेटस म्हणाला.

मग स्टॅन उठला. त्याचा चेहरा तांबडाभडक झाला होता. "माझ्या दुकानाला लाल पट्टी लावलीस तू! अर्ध्या औंसासाठी! दोन वर्षं लोक माझ्याकडे चोर म्हणून बघत होते!"

"हो," क्लेटस म्हणाला.

"आणि आता सांगतोस? सहा वर्षांनी? आमच्याकडे दुसरं होतं काय रे? तो एक रविवार होता. तोही खाल्लास!"

कुणी कुणी पाव फेकले. खरं सांगायचं तर त्यानं फसवल्याचा राग फारच थोड्यांना आला होता. राग होता तो त्यानं सांगितल्याचा. एक जण ओरडला, "तोंड बंद ठेवायला काय झालं होतं तुला?" बर्निस उठली. तिनं नवऱ्याची टोपी आणि आपली पर्स घेतली, त्याच्या कोपराला धरलं, आणि दोघं त्या टेबलांच्या मधून दारापर्यंत चालत गेली. ती माझ्या खुर्चीमागून गेली तेव्हा तिचा श्वास मला ऐकू आला. मी ताटातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघालो, पण पहिलं दार त्यांचंच वाजवलं. क्लेटस स्वयंपाकघरात बसला होता, बर्निस अंडी तळत होती.

"मी पाहिलं होतं," मी उभ्या उभ्याच म्हणालो. "चिमटा पुढच्या कडेला होता, ते मला दिसलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर—"

"माहीत आहे," क्लेटस म्हणाला. "तू माझ्याकडे बघत होतास."

"मग काल माझं नाव का नाही घेतलंस?"

"ते मी कसं सांगणार? तुझं तू सांगायचं." त्यानं खुर्ची पायानं मागे सरकवली. "बस. अंडी खा."

बर्निसनं माझ्यासमोर बशी ठेवली नाही. तिनं गॅस बंद केला आणि ती बाहेर परसात गेली. तिचा राग मला मान्य होता. दोन महिने ती माझ्या हातून पत्रं घेत नसे; पेटीत टाका, म्हणायची.

त्याच शनिवारी मी न्हाव्याच्या दुकानात, सात माणसं बसलेली असताना, माझं सांगितलं. क्लेटससारखं तीनशे जणांसमोर सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. न्हावी कात्री थांबवून म्हणाला, "तूही होय?" बाकीच्यांनी वर्तमानपत्रं उघडली. माझी टपालाची नोकरी होती, त्यामुळे लोकांना मला रोज भेटावंच लागायचं. काही दिवसांनी ते विसरल्यासारखं वागायला लागले. क्लेटसला तशी सवलत मिळाली नाही. त्यानं कबुलीचं पत्र पाठवलं होतं, त्याला संघाच्या कचेरीनं दोन ओळींचं उत्तर धाडलं: सामन्याचा निकाल कायम आहे, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. ते पत्र मीच पोचवलं. शेवटचे दोन शब्द वाचून त्यानं ते उलटं करून ठेवलं.

फोटो कुणी काढले नाहीत. काही ठिकाणी क्लेटसचा भाग तेवढा चौकटीखाली दुमडला गेला.

आणखी सात वर्षं तो जगला. स्टॅन त्याच्याशी शेवटपर्यंत बोलला नाही, पण आजारपणात दर शुक्रवारी बर्निसकडे मटणाचं पुडकं पाठवायचा. क्लेटस विचारायचा, "वजन केलंय का?" आणि बर्निस त्याला गप्प बसायला सांगायची. त्याच्या प्रेतयात्रेला मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त माणसं आली. कुणी भाषण केलं नाही.

स्टोकर्स त्यानंतर आजतागायत बाद फेरीत गेलेले नाहीत. नव्या पोरांपैकी कुणीतरी कधी विचारतं, आजोबा, आपण एकदा गेलो होतो ना? मी म्हणतो, हो, एक्क्याऐंशीत. मग पुढचं सांगायला लागतो, आणि अजूनही ते सांगताना मला समोरच्याच्या डोळ्यांत बघता येत नाही. बहुतेक जण पुढचं ऐकायला थांबत नाहीत. जे थांबतात त्यांना मी सगळं सांगतो.